संदर्भ म्हणजे सर्व्हे नंबर: वैद्यकीय लेखाची संदर्भसूची कशी लिहायची

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची एक पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर, माझ्याकडे आली. स्त्रीरोग विभागात तिसरं वर्ष, थीसिस जमा झालेला, त्यातूनच एक लेख काढून तिनं जर्नलला पाठवला होता. चार दिवसांत परत आला. तज्ज्ञांच्या हातात पडलाच नव्हता, कार्यालयातल्या पहिल्या तपासणीलाच अडला. पत्रात एवढंच, की संदर्भ आमच्या पद्धतीप्रमाणे नाहीत, दुरुस्त करून परत पाठवा. यादीत ४३ संदर्भ होते.

"अक्का, ह्यात चुकलंय काय तेच कळेना झालंय," ती म्हणाली. "सिनियरच्या थीसिसवरून बघूनच केलं होतं की."

बेळगावात मी गेली बरीच वर्षं डॉक्टरांचे लेख जर्नलला जाण्याआधी तपासून देते, आणि हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. मुलं हुशार असतात, रात्र-रात्र ड्यूटी करून रुग्णांची माहिती गोळा करतात, पण संदर्भ कसे लिहायचे हे त्यांना कुणी बसवून शिकवलेलं नसतं. एकाची चूक दुसऱ्याच्या थीसिसमध्ये उतरते, तिथून तिसऱ्याच्या. म्हणून त्या दिवशी तिला जे सांगितलं, तेच इथं लिहिते.

आधी संदर्भ कशासाठी असतो ते बघू. आपल्याकडं शेताची खरेदी करताना नुसतं "नदीकाठचं वडाजवळचं शेत" म्हणून भागत नाही. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सगळं उताऱ्यावर जुळावं लागतं. एक आकडा चुकला तर माणूस दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो. संदर्भाचं काम अगदी तेच. तुम्ही लेखात एक विधान केलंत, त्याचा पुरावा जगात नेमका कुठं आहे, हे वाचणाऱ्याला दाखवायचं. त्यानं त्या पत्त्यावर जावं आणि पुरावा तिथं सापडावा. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस हे सगळं त्या पत्त्याच्या सोयीसाठी आहे.

पूर्वी प्रत्येक जर्नलची पत्ता लिहिण्याची रीत वेगळी होती. लेख एकीकडून नाकारला गेला की दुसरीकडं पाठवण्यासाठी सगळी यादी परत टाइप करायची. टाइपरायटरच्या काळात ह्यात किती दिवस जात असतील! म्हणून जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक जमले आणि त्यांनी एक सामाईक पद्धत ठरवली. १९७९ मध्ये ते नियम पहिल्यांदा छापले गेले. संदर्भाचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं घडवला होता. वैद्यकीय लेखनात आजही जिला "व्हँकूव्हर पद्धत" म्हणतात ती हीच. त्या संपादकांच्या गटाला आता आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नल संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणतात आणि ते आपल्या शिफारशी वेळोवेळी सुधारत असतात.

ह्या पद्धतीत दोन गोष्टी असतात: लेखाच्या ओळीत येणारा क्रमांक आणि शेवटच्या यादीतला पूर्ण पत्ता. क्रमांक लेखात ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं यादी लावायची. अकारविल्हे नाही, वर्षानुसारही नाही. ज्या संशोधनाला एकदा ४ क्रमांक मिळाला, ते पुढं दहा वेळा आलं तरी ४ च राहतं. तो आकडा ओळीच्या वर लहान लिहायचा की कंसात, पूर्णविरामाच्या आधी की नंतर, हे मात्र जर्नल ठरवतं. बऱ्याच भारतीय जर्नलांना ओळीच्या वर चौकोनी कंसात, विरामचिन्हानंतर हवा असतो. लेख लिहायला बसण्याआधी त्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा, आणि नुकताच छापून आलेला त्यांचाच एखादा लेख शेजारी ठेवा. सूचनांमध्ये जे कळत नाही ते छापलेल्या पानावर दिसतं.

इथं एक फट आहे, तिच्यात बरेच जण अडकतात. तक्त्यात किंवा आकृतीखाली दिलेले संदर्भ. आमच्या ह्या मुलीनं तक्त्यातले संदर्भ यादीच्या शेवटी, ३८ ते ४३ असे टाकले होते, कारण तक्ते फाइलच्या शेवटी असतात. नियम असा आहे, की मजकुरात तो तक्ता पहिल्यांदा जिथं आला, तिथंच त्यातल्या संदर्भांचा नंबर लागतो. "तक्ता १ पाहा" हे शब्द आठव्या संदर्भानंतर आले असतील, तर तक्त्यातला पहिला नवा संदर्भ ९, मग १०, आणि मजकूर त्याच्यापुढून चालू.

आता एक संदर्भ उकलून बघू, आणि आपल्याच जिल्ह्यातला घेऊ. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं आपल्याकडं किती बायका गेल्या, हे गावाकडच्या कुठल्याही म्हातारीला विचारा. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर एक अभ्यास झाला. घरी किंवा उपकेंद्रात एएनएमनं (गावातल्या सरकारी परिचारिकेनं) बाळंतपण केलं, काहींना तोंडानं घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. औषधाची गोळी मिळालेल्यांत रक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के, औषध नसलेली मिळालेल्यांत १२ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. हा अभ्यास लॅन्सेट ह्या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला. त्याचा पत्ता असा:

डर्मन आरजे, कोडकणी बीएस, गौडर एसएस, गेलर एसई, नाईक व्हीए, बेल्लद एमबी, एट अल. ओरल मिसोप्रोस्टॉल इन प्रिव्हेंटिंग पोस्टपार्टम हेमरेज इन रिसोर्स-पुअर कम्युनिटीज: अ रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल. लॅन्सेट. २००६;३६८(९५४३):१२४८-५३.

इंग्रजीत हीच ओळ रोमन लिपीत येईल, मी आपल्या वाचण्यासाठी देवनागरीत उतरवली आहे. एकेक भाग बघा.

पहिली नावं. आधी आडनाव, मग नावाची आद्याक्षरं, त्यांच्यामध्ये टिंब नाही, जागा नाही. एका लेखकानंतर स्वल्पविराम आणि शेवटच्यानंतर पूर्णविराम. ह्या लेखाला १२ लेखक आहेत. व्हँकूव्हरचा रूढ प्रघात पहिले सहा देऊन पुढं "एट अल" लिहायचं असा आहे. त्याचा अर्थ "आणि इतर". पण खुद्द लॅन्सेटला सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले तीनच हवे असतात, जामा ह्या अमेरिकन वैद्यकीय जर्नललाही तसंच. म्हणजे व्हँकूव्हर म्हटलं तरी प्रत्येकाच्या घरचा मसाला थोडा वेगळा.

मग लेखाचं नाव, जसंच्या तसं. फक्त पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि माणसांची, गावांची वगैरे नावं मोठ्या अक्षरानं, बाकी सगळं लहान. गूगल स्कॉलरवरून उतरवलेल्या नावांत अनेकदा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरानं सुरू झालेला असतो, तो हातानं सरळ करावा लागतो.

मग जर्नलचं नाव, संक्षिप्त. हा संक्षेप आपल्या मनानं करायचा नसतो. राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्येक जर्नलचं ठरलेलं लघुरूप आहे, तिथं शोधून तेच लिहायचं. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चचं "इंडियन जे मेड रेस" होतं, पण जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियामधला "फिजिशियन्स" हा शब्द पूर्णच राहतो. अंदाजानं केलं असतं तर तोही तोडला असता. एकाच शब्दाचं नाव असेल तर संक्षेप नाही, म्हणून लॅन्सेट हे लॅन्सेटच.

शेवटी आकडे, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. २००६ हे वर्ष. अर्धविराम. ३६८ हा खंड. कंसात ९५४३ हा अंक. अपूर्णविरामानंतर पानं. १२४८ ते १२५३ असं असताना शेवटचा आकडा ५३ एवढाच लिहिला आहे, कारण १२ दोन्हीकडं सारखे आहेत. काही जर्नलांना पूर्ण आकडा लागतो. ज्या नियतकालिकाची पानं वर्षभर किंवा खंडभर सलग चालतात त्याचा अंक-क्रमांक काही जण गाळतात, त्यानं पत्ता चुकत नाही. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या जर्नलांना पानंच नसतात, तिथं लेख-क्रमांक असतो, अनेकदा "ई" ह्या अक्षरानं सुरू होणारा. तो पानांच्या जागी जसाच्या तसा लिहायचा. "पानं सापडली नाहीत" म्हणून ती जागा कोरी सोडलेली मी कितीतरी याद्यांत बघितली आहे.

आपल्या गावचा आणखी एक प्रश्न. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या शेकडो लेखांच्या नावांत जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे. आज तुम्ही तो लेख संदर्भ म्हणून देताना नावातलं स्पेलिंग बदलायचं नाही. जे छापलं गेलं तेच. बदललंत तर शोधणाऱ्याला तो लेख सापडणार नाही. तुमच्या स्वतःच्या संस्थेचा पत्ता मात्र आजच्या नावानं. तेच माणसांच्या नावांचं. वरच्या यादीतल्या कोडकणी ह्या नावाच्या शेवटी इंग्रजीत वाय आहे. "आपण तर आय लिहितो" म्हणून ते सुधारायला जाऊ नका.

नावांत आपल्याकडं घोळ आहेच. मराठी माणसाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सरळ रांग असते. कन्नड नावांत अनेकदा आडनावच नसतं, पुढची आद्याक्षरं गावाची आणि वडिलांची असतात आणि शेवटचा शब्द त्या माणसाचं स्वतःचं नाव असतो. अशा वेळी कुठला शब्द आडनाव म्हणून पुढं घ्यायचा हे आपण ठरवायचं नाही. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या फुकट ऑनलाइन सूचीत, त्या लेखाखाली जसं नोंदलंय तसं घ्यायचं. आणि स्वतःच्या नावाबाबत एकदाच काय ते ठरवा. पहिल्या लेखावर एक रूप, लग्नानंतर दुसरं, तिसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, असं झालं तर तुमचं काम तीन माणसांत वाटलं जातं. ऑर्किड नावाचा, संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक फुकट मिळतो, तो पहिल्या लेखाआधीच काढून ठेवा.

पुस्तकात लेखक, नाव, आवृत्ती, प्रकाशनाचं गाव, प्रकाशक, वर्ष. प्रकरण वेगळ्या लेखकाचं असेल तर आधी प्रकरणाचा लेखक आणि मग संपादकांसह पुस्तक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या अहवालाला लेखक म्हणून संस्थेचं नाव जातं. वेबसाइट असेल तर तुम्ही ती कुठल्या तारखेला बघितलीत हे लिहायलाच हवं, कारण पान उद्या बदलतं. एखाद्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली गोष्ट यादीत येत नाही. ती मजकुरातच कंसात, नाव आणि तारखेसह, आणि त्यांची लेखी परवानगी घेऊन.

सीमाभागातल्या लेखकांना लागणारी एक गोष्ट पुस्तकांत क्वचित भेटते. चंदगड, गडहिंग्लजकडचे रुग्ण उपचाराला बेळगावात येतात, त्यामुळं आपल्या लेखांत कधी महाराष्ट्र शासनाचं मराठी परिपत्रक लागतं, कधी कर्नाटकाचं कन्नड. असा स्रोत इंग्रजी लेखात देताना मूळ नाव रोमन लिपीत, त्याच्यापुढं चौकोनी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर, आणि अगदी शेवटी भाषेचं नाव. नुसतं भाषांतर दिलं तर शोधणाऱ्याला मूळ कागद मिळत नाही. मराठी-कन्नड कागद जगासमोर ठेवायला लाजू नका, नीट पत्ता देऊन ठेवा.

इथपर्यंतचं सगळं यंत्र करू शकतं. झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मेंडेली आणि एंडनोटही आहेत. पबमेडवर लेखाशेजारी "सायट" असं बटण असतं, ते दाबलं की तयार संदर्भ मिळतो. झोटेरोत एकदा लेख भरले की वर्डमध्ये क्रमांक आपोआप लागतात, मधला परिच्छेद काढला की पुढचे सगळे सरकतात, आणि जर्नल बदललं की दोन क्लिकमध्ये पूर्ण यादीचा साचा बदलतो. मी सुरुवातीला हे हातानं करत होते. एका लेखात परीक्षकानं सुरुवातीलाच एक परिच्छेद घालायला सांगितला, मी यादी आणि मजकूर नीट केला, पण आकृतीखालचा ७ तसाच राहिला. लेख छापून आला तेव्हा तो ७ वेगळ्याच संशोधनाकडं बोट दाखवत होता. लेखकांना संपादकांकडं पत्र पाठवून दुरुस्ती छापून घ्यावी लागली. त्यांच्याकडं बघताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून हातानं क्रमांक घालणं बंद.

पण यंत्रात भरलेली माहितीच चुकीची असेल तर यादी सुंदर दिसते आणि चुकीचीच राहते. म्हणून प्रत्येक नोंद पबमेडशी जुळवून बघा. पाठवण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुसऱ्या प्रतीत संदर्भ साध्या मजकुरात बदला, नाहीतर जर्नलच्या संगणकावर क्रमांक गडबडू शकतात. आणि चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून संदर्भ मागू नका. ती खऱ्या जर्नलचं नाव, खऱ्या डॉक्टरांची नावं आणि पटण्यासारखे आकडे जोडून कधीही न छापलेला लेख तयार करतात. माझ्याकडं असे संदर्भ आले आहेत. पत्ता पूर्ण, आणि त्या पत्त्यावर काहीच नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. साचा बरोबर, आकडे बरोबर, आणि तरी संदर्भ खोटा ठरू शकतो, कारण तो लेख तुम्ही वाचलेलाच नसतो.

जानेवारी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापलं गेलं, जेमतेम एका परिच्छेदाचं. त्यात म्हटलं होतं, की रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातली वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त ४ जणांना व्यसन लागल्याची नोंद सापडली. रुग्णालयातले रुग्ण, देखरेखीखाली दिलेलं औषध. ते घरी गेल्यावर पुढं काय झालं ह्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. तरी पुढच्या काळात "ह्या औषधांनी व्यसन लागत नाही" ह्या विधानापुढं त्या पत्राचा क्रमांक लागत गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन हे ह्याच वर्गातलं औषध बाजारात आल्यावर तर जास्तच. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं. ते पत्र ६०८ वेळा संदर्भ म्हणून दिलं गेलं होतं. त्यातल्या ७२.२ टक्के ठिकाणी व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून, आणि ८०.८ टक्के ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं त्याच्या यादीतून उचललं, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या. अमेरिकेत ह्या औषधांच्या व्यसनानं पुढं जो हाहाकार झाला त्यामागं अनेक कारणं होती, पण डॉक्टरांना निर्धास्त करण्यात ह्या न वाचता दिलेल्या संदर्भाचाही वाटा होता. त्या जर्नलनं आता मूळ पत्रावर तशी सूचना लावली आहे.

म्हणून दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलू नका. आढावा घेणाऱ्या लेखात आकडा दिसला तर तो जिथून आला त्या मूळ लेखापर्यंत जा, आणि आकडा तिथं खरंच आहे का ते बघा. पूर्ण लेख विकतचा असेल तर ग्रंथालयाला सांगा, लेखकांना मेल करा, बहुतेक जण पाठवतात. फक्त सारांश वाचून निष्कर्ष लिहू नका.

मागे घेतलेल्या लेखांचंही तसंच. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा १९९८ चा लेख लॅन्सेटनं फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला. कोविडच्या वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक लेख मे २०२० मध्ये आला आणि जूनमध्ये मागे घेतला गेला. छापील प्रत किंवा जुनी पीडीएफ घरी असेल तर हे तुम्हाला कळणारच नाही. पबमेडवर अशा लेखाच्या वरच ठळक सूचना असते, झोटेरोही इशारा देतं. पाठवण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण यादी त्यातून एकदा फिरवा.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच काम दिलं. लेखाची छापील प्रत घ्यायची, प्रत्येक क्रमांकावर बोट ठेवायचं, मूळ लेख समोर उघडायचा, आणि हे विधान तिथल्या कुठल्या ओळीवर उभं आहे ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करायची. ड्यूटी सांभाळून तिला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी संध्याकाळी भिजत आली, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. तीन संदर्भांत तिनं लिहिलेलं विधान मूळ लेखात नव्हतंच. एका ठिकाणी मूळ लेखात नेमकं उलटं लिहिलेलं होतं, आणि तो आकडा तिच्या गाईडच्याही आधीच्या एका थीसिसमधून चालत आला होता. ती चारही विधानं तिनं काढली, एका जागी नवा परिच्छेद लिहिला.

४३ चे ३९ उरले. त्याच रात्री माझ्याच टेबलावर बसून तिनं लेख परत पाठवला.